अकरावी मात्रा

कँटरबरीत, नदीला पाठ लावून बसलेल्या गल्लीत
वरच्या मजल्यावर आम्ही चौघं राहायचो, भाडं तिघांचं.
चौथा, ऑब्रे, ऑर्गनच्या मागे झोपायचा.
मिसेस पिल्चरना सांगितलं होतं, तो दुरुस्तीवाला आहे,
जरा सावकाश काम करतो.

एकोणसत्तर साल. लंडन साठ मैलांवर,
तिथले रंग वाटेत विटत विटत इथं पोचायचे.
तिकडे लोक ताऱ्यांवर गात होते,
आम्ही गायचो चहावर, ओल्या मोज्यांवर,
हॉप्स खुडून बोटांत मुरलेल्या कडूपणावर.
तो तीन दिवस जात नाही. पाव खाल्ला तरी कडू.
ऑब्रेचा गळा सरळ, शाळेत हजेरी द्यावी तसा,
आणि त्याच्या खालून ऑर्गन:
पोटात एक डबी जोडलेली, तिच्यातून सूर
करपून, चिडून, पोळं फुटल्यासारखा बाहेर यायचा.
बोट उचललं की केकाटायचा,
म्हणून ऑब्रे बोट उचलतच नसे.
पंधरा मिनिटं. वीस.
गॉडन सॅक्सोफोन गळ्यात अडकवून
आत शिरायला फट शोधत उभा,
जसा एखादा पाहुणा भांडणाऱ्या घराच्या दारात.

थर्स्टन म्हणायचा, चारात पोलीस चालतात.
टेबलावर त्यानं वाटाणे मांडले:
तीन, तीन, तीन
आणि दोन.
अकरा. शेवटचा वाटाणा माझ्या हातून
रोज घरंगळायचा. मी बास वाजवायचो
आणि समेवर सगळ्यांच्या आधी पोचून
एकटाच उभा राहायचो.

मग एका रात्री खालून, छताला झाडूचा दांडा:
ठक.
आम्ही थांबलो. पुन्हा सुरू केलं. पुन्हा
ठक.
थर्स्टननं काठी वर धरली.
चेहरा असा, की कुणी त्याचं नाव घेऊन हाक मारली.
'तीच,' म्हणाला, 'तीच अकरावी.'

त्या हिवाळ्यात मी मिसेस पिल्चरना टेकून वाजवलं.
रोज नऊला, रागानं, अचूक.
एका गुरुवारी त्या बहिणीकडे व्हिटस्टेबलला गेल्या,
आणि भर चढावर गाडीचं चाक निखळावं तशी
आमची अख्खी चाल रस्त्यात बसली.

एक टेप उरली आहे.
हात लावला की तपकिरी भुकटी झडते.
तिच्यात कॅथेड्रलची घंटा आहे, आमच्या सुराशी जराही न पटणारी,
कुणाचं तरी शिंकणं आहे,
आणि दांडा आहे, स्पष्ट, बासपेक्षा स्पष्ट.
कंपनीचं एका ओळीचं पत्र आलं होतं: लांबी कमी करा.
थर्स्टन बँकेत गेला, चारात चालू लागला.
ऑब्रे हॉलंडला.
गॉडननं सॅक्सोफोन विकून मोटरसायकल घेतली,
पुढचं मला माहीत नाही, किंवा सांगवत नाही.

मिसेस पिल्चरना आम्ही कधी बोललो नाही.
काय बोलणार? की तुम्ही आमच्यात आहात?
त्यांनी भाडं वाढवलं असतं.

आता खालच्या खोलीत मी राहतो.
छताला अजून ते खळगे आहेत, नाण्याएवढे,
रंगवणाऱ्याला म्हटलं, तेवढे सोड.
वर तीन विद्यार्थी आलेत.
ड्रमवर इफेओमा नावाची मुलगी,
आणि त्यांचं काहीतरी चालू असतं,
तेरा असावं. बोटं पुरत नाहीत.
काल रात्री खुर्चीवर चढलो
(डॉक्टरांनी खुर्ची बंद केली आहे),
झाडू उलटा धरला, मोजलं,
मारला.

वर एकदम शांत.
मग जिन्यावर अनवाणी पावलं, दार,
ती म्हणाली, माफ करा आजोबा, आवाज कमी करतो.

आवाज नाही गं, मी म्हटलं,
मीच अर्धी मात्रा मागे पडलो.

ती माझ्याकडे नाही, झाडूकडे बघत राहिली.